होमरचे महाकाव्य आणि जात्यावरची ओवी



पुण्याहून सोलापूरकडे निघालेली एस. टी. चौफुला ओलांडून पुढे आली की वरवंड लागते. दौंड तालुक्यातले हे गाव. उसाचे फड, मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी आणि इंग्रजी अमदानीतला व्हिक्टोरिया तलाव. या गावच्या पारावर बसलेल्या एखाद्या आजोबांना मी म्हटले, "आबा, आज आपण होमर नावाच्या ग्रीक कवीविषयी बोलू," तर ते तंबाखू मळता मळता विचारतील, "कोन रं त्यो? आन् आपल्याला त्याचं काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. शाळेतल्या गुरुजींनाही तो पडत असेल. आपल्याकडे रामायण-महाभारत आहे, ज्ञानेश्वरी आहे, शाहिरांचे पोवाडे आहेत. मग अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची, समुद्रापलीकडची काव्ये घेऊन काय करावयाचे? आबांच्या या प्रश्नाचे उत्तर आज द्यावयाचे आहे, आणि ते शक्यतो वरवंडच्या आसपासच शोधावयाचे आहे.

पहिली गोष्ट, हे ग्रीक लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. जुन्या काळी आपण त्यांना 'यवन' म्हणत असू. हा शब्द 'आयोनिया' या प्रदेशाच्या नावावरून आला, आणि होमरच्या काव्याची भाषा मुख्यतः त्या आयोनियाचीच आहे. आपल्या पुणे जिल्ह्यात कार्ल्याच्या लेण्यांत जा. तिथल्या कित्येक खांबांवर, तो खांब अमुक यवनाने दान दिला असे कोरलेले आहे. जुन्नरच्या लेण्यांतही यवनांच्या दानाचे लेख आहेत. त्यांतल्या काहींची नावे पाहावीत तर ती पार आपल्याकडची झालेली! व्यापारासाठी आलेले हे लोक घाट चढून वर आले, इथे राहिले, लेण्यांना देणग्या देऊन गेले. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास काशाच्या प्राचीन वस्तूंचा साठा सापडला. त्यात एक छोटी मूर्ती होती पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची. होमरच्या 'ओडिसी' काव्यात नायकाला दहा वर्षे समुद्रावर भटकायला लावणारा कोपिष्ट देव तो हाच. ती मूर्ती आजही कोल्हापूरच्या संग्रहालयात आहे.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डिओ नावाचा एक ग्रीक वक्ता होऊन गेला. त्याने आपल्या एका भाषणात सांगून ठेवले आहे की, हिंदुस्थानातले लोक होमरचे काव्य आपल्या भाषेत गातात. म्हाताऱ्या राजाचे दुःख, विधवांचा विलाप, वीरांचे शौर्य हे सारे त्यांना ठाऊक आहे. खरी गोष्ट अशी नव्हती. बहुतेक विद्वानांचे मत असे की, कोणा व्यापाऱ्याने आपले महाभारत ऐकले, त्याची हकीकत तिकडे सांगितली, आणि ऐकणाऱ्याला वाटले, हे तर आमच्या होमरचेच गाणे! चूक झाली खरी. पण किती बोलकी चूक! दोन्ही काव्यांचा गाभा इतका सारखा, की ऐकीव माहितीवर माणूस फसावा.

आता ते काव्य तरी काय आहे ते पाहू. होमरच्या नावावर दोन महाकाव्ये आहेत. 'इलियड' सुमारे पंधरा हजार सातशे ओळींचे आणि 'ओडिसी' सुमारे बारा हजार ओळींचे. ती बहुधा इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकात आकाराला आली. होमर नावाचा एकच कवी होता की अनेक, यावर पंडितांचे वाद आजही मिटलेले नाहीत. आपण त्यात पडू नये.

'इलियड'मध्ये ट्रॉय नगराच्या वेढ्याची कथा आहे. वेढा दहा वर्षांचा, पण कवीने त्यातले थोडेच दिवस निवडले. अकिलीझ हा ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा. सेनापतीने अपमान केला म्हणून तो रुसून तंबूत बसतो. त्याचा जिवलग मित्र त्याचे चिलखत घालून लढायला जातो आणि ट्रॉयच्या राजपुत्राच्या, हेक्टरच्या, हातून मरतो. मग अकिलीझ वेडापिसा होऊन उठतो, हेक्टरला मारतो आणि त्याचे प्रेत रथाला बांधून फरफटत नेतो. एवढ्यावर काव्य संपते, तर ती एक सूडकथा झाली असती.

पण पुढे काय होते पाहा. हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, रात्री शत्रूच्या तळावर जातो. ज्या हातांनी आपली मुले मारली ते हात तो आपल्या ओठांना लावतो आणि मुलाचे प्रेत मागतो. म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर, तोही माझ्याच वयाचा आहे. अकिलीझला आपला बाप आठवतो. मग दोघेही रडतात. एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. अकिलीझ त्याला जेवू घालतो, प्रेत परत देतो, अंत्यविधीसाठी लढाई थांबवण्याचे वचन देतो. हेक्टरच्या अंत्यसंस्काराने काव्य संपते. ट्रॉय पडल्याचे त्यात येत नाही, विजयाचा नगाराही वाजत नाही. आपल्याकडे स्त्रीपर्वात गांधारी रणांगणावर उभी राहते, तेव्हा जे वाटते तेच इथे वाटते. शत्रूच्या मेलेल्या मुलासाठी ज्या कवीने आपल्या श्रोत्यांना रडवले, तो परका कसा म्हणावा?

आणि शेतकऱ्यांनी तर हे काव्य मुद्दाम ऐकावे. लढाईचे वर्णन करताना होमर उपमा देतो त्या बहुधा रानातल्या आणि घरातल्या. सैन्य किती जमले? वसंतात दुधाच्या चरव्यांभोवती माश्या घोंगावतात तितके. धुळीने सैनिक कसे पांढरे झाले? खळ्यावर उफणणी चालली असता भुसा उडून ढीग पांढरा होतो तसे. एक योद्धा हळूहळू मागे सरतो, पण हटत नाही. कसा? पिकात शिरलेले हट्टी गाढव जसे. पोरे पाठीत काठ्या मोडतात, पण ते पोटभर खाऊन मगच बाहेर निघते! आणि दोन्ही सैन्ये तटावर अडून राहिली आहेत, कोणी तसूभर मागे सरत नाही. कशी? सामाईक शेतात मापाच्या काठ्या हातात घेऊन दोन माणसे हद्दीवरून भांडतात तशी. बांधाचे भांडण, श्रोतेहो! तालुक्याच्या कोर्टात तारखांना जाणाऱ्या माणसांना ही उपमा समजावून सांगायला नको.

'ओडिसी' हे दुसरे काव्य. ट्रॉयची लढाई संपल्यावर ओडिसियस राजा घरी परतायला निघतो आणि घर सोडल्यापासून वीस वर्षांनी, भिकाऱ्याच्या वेषात, आपल्याच दारात येतो. घरात एकशे आठ उपटसुंभ त्याच्या बायकोशी लग्न करायला टपून बसले आहेत आणि फुकटचे जेवत आहेत. त्याला ओळखतो कोण? तर उकिरड्यावर पडलेला त्याचा म्हातारा कुत्रा. तो कान पाडतो, शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो. वेषांतर केलेल्या राजाला उघडपणे रडताही येत नाही. तो तोंड फिरवून डोळे पुसतो.

परंतु मला सांगायचा आहे तो प्रसंग याच काव्यातला, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. सूडाच्या दिवसाची पहाट आहे. ओडिसियस देवाकडे कौल मागतो. निरभ्र आकाशात गडगडाट होतो. तेवढ्यात वाड्यातल्या दळणाच्या खोलीतून एका बाईचा आवाज येतो. तिथे बारा बायका दळत असत. बाकीच्या आपले दळण संपवून झोपल्या आहेत. ही एकटीच अजून दळते आहे, कारण ती सर्वांत अशक्त आहे. तिचे जाते आपल्यासारखे गोल फिरणारे नव्हते. दगडावर दगड पुढेमागे रेटायचा, पाट्या-वरवंट्यासारखा. ती हात थांबवते आणि देवाला म्हणते की, ज्यांच्यासाठी दळून दळून माझ्या गुडघ्यांतले बळ गेले, त्यांचे आजचे जेवण शेवटचे ठरो. राजा ते ऐकतो आणि त्याला धीर येतो. देवाचा कौल त्याला दोनदा मिळाला; एकदा आभाळातून, एकदा जात्यावरून.

त्या बाईला कवीने नाव दिलेले नाही. ती पुन्हा काव्यात येतही नाही. पण वरवंडच्या, पाटसच्या, न्हावऱ्याच्या कोणत्याही म्हाताऱ्या आजीला हा प्रसंग सांगा. पहाटेचा अंधार, एकटी बाई, दळण आणि देवाशी बोलणे. आजी म्हणेल, "हे तर आमचंच की!"

हे काव्य रचले गेले कसे, यातही आपल्याला आपलाच माणूस भेटतो. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेकांची समजूत अशी की, होमर टाक-शाई घेऊन बसला आणि त्याने लिहिले. मिलमन पॅरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाला वेगळी शंका आली. होमरच्या काव्यात ठरावीक शब्दांच्या जोड्या पुन्हा पुन्हा येतात. अकिलीझ आला की तो चपळ पायांचा, पहाट झाली की ती गुलाबी बोटांची. पॅरीने दाखवले की या जोड्या वृत्तात चपखल बसणाऱ्या, तयार ठेवलेल्या विटा आहेत. गाणारा उभ्या उभ्या काव्य रचतो, तेव्हा त्या त्याला पुढच्या ओळीचा विचार करायला उसंत देतात. खात्री करण्यासाठी १९३३ ते १९३५ या काळात तो युगोस्लाव्हियातल्या खेड्यांत गेला आणि निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. आव्दो मेजेदोविच नावाच्या गायकाने बारा हजारांवर ओळींचे एक गाणे त्याला सांगितले. म्हणजे जवळजवळ 'ओडिसी'एवढे! दुसऱ्या गायकाचे दोन हजारांवर ओळींचे गाणे आव्दोने पहिल्यांदाच ऐकले आणि लगेच तेच सहा हजारांवर ओळींत फुलवून गायले. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पॅरी १९३५ सालीच वारला. त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड याने पुढे १९६० साली हे सारे ग्रंथात मांडले.

आता आपल्याकडे पाहा. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरलेले धनगर पावसाळ्याच्या तोंडाशी परततात, आणि आपल्या पूर्वेकडच्या माळावर त्यांचे वाडे पडतात. मेंढरे वाघरात बसली की ढोल निघतो आणि बिरोबाचे, म्हस्कोबाचे, धुळोबाचे सुंबरान मांडले जाते. रात्र सरते, पण ओवी सरत नाही. थोडे गाणे, मग थोडी कथा, पुन्हा गाणे. गुंथर सोन्थायमर नावाच्या जर्मन पंडिताने आपल्या पुणे भागात वर्षानुवर्षे राहून धनगरांबरोबर फिरून या ओव्या मुद्रित केल्या आणि १९७६ साली या देवांवर मोठा ग्रंथ लिहिला. परक्या देशातला माणूस आपल्या माळावर येऊन जमिनीवर बसला, आणि आपण मात्र "काय ते धनगरांचं गाणं!" म्हणून पुढे गेलो. धनगरी ओवी आणि होमर एकच, असे मी म्हणत नाही. होमरचे काव्य आरंभापासून शेवटपर्यंत एकाच वृत्तात आहे. आपल्या ओवीत गद्य आणि गाणे एकमेकांत मिसळते. पण अक्षराची मदत न घेता कथा उभी करण्याची विद्या दोन्हीकडे आहे, आणि एवढे कळले तरी आपण ढोलाकडे वेगळ्या नजरेने पाहू.

आणि स्मरणाचे म्हणाल, तर वरवंडपासून थोड्याच कोसांवर केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाई राहिल्या, तिथेच १९२२ साली त्यांनी देह ठेवला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गावोगाव फिरून पुराण सांगत. लहानपणीच रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते. पुढे याच बाईंनी केडगावात ग्रीक आणि हिब्रू भाषांचा अभ्यास करून बायबल मूळावरून मराठीत आणले. छापखान्यात खिळे जुळवायला होत्या आश्रमातल्या मुली-बायका. त्यांतल्या कित्येक दुष्काळात निराधार झालेल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते भाषांतर पूर्ण छापून निघाले. ते ग्रीक होमरच्या ग्रीकहून पुष्कळ नंतरचे आणि साधे. तरीही दौंड तालुक्यातल्या एका खेड्यात बायकांच्या हातांनी ग्रीक अक्षरे जुळवली गेली, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली गेली पाहिजे.

आता रोमकडे वळू. रोमचा महाकवी व्हर्जिल. त्याचा जन्म इसवी सनापूर्वी ७० सालचा, मृत्यू १९ सालचा. हा गाणारा कवी नव्हे, लिहिणारा पंडित कवी. आपल्या शेजारच्या बारामतीचे मोरोपंत आठवा. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने त्यांनी सारे महाभारत आर्यांत उतरवले, प्रत्येक शब्द तोलून-मापून. व्हर्जिलचेही तसेच. ऑगस्टस बादशहाचा त्याला आश्रय. सुमारे अकरा वर्षे तो 'इनिड' हे काव्य घडवीत राहिला आणि मरताना म्हणाला, अपुरे आहे, जाळून टाका. बादशहाने ते जाळू दिले नाही.

व्हर्जिल खेड्यात वाढलेला. त्याने शेतीवर चार भागांचे एक वेगळे काव्यच लिहिले: पहिला भाग पिकांचा, दुसरा झाडांचा आणि द्राक्षवेलींचा, तिसरा गुराढोरांचा, चौथा मधमाश्यांचा. त्याच्या तरुणपणी लढाईवरून परतलेल्या शिपायांना वाटण्यासाठी सरकारने त्याच्या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या. ते दुःख त्याच्या आरंभीच्या कवितांत आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे 'इनिड'मध्येही आहे. कारण त्याचा नायक इनियस हा जिंकलेला वीर नसून गाव जळालेला, विस्थापित माणूस आहे. पेटलेल्या ट्रॉयमधून तो बाहेर पडतो तो म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन. बापाच्या हातात घरचे देव, आणि इनियसच्या हाताला धरलेले लहान मूल. गर्दीत बायको मागे राहते ती कायमची. मग नवी जमीन शोधत वर्षानुवर्षे फिरणे.

दौंड-शिरूरच्या श्रोत्यांनो, धरणांच्या पाण्याखाली गावे गेलेली माणसे आपल्या या भागात येऊन वसली आहेत. देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून, म्हाताऱ्यांना गाडीत बसवून ती आली. नव्या गावाला जुन्या गावाचे नाव देणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. ज्या गावात ती आली, त्या गावच्या लोकांना काय वाटले, तेही त्यांना ठाऊक आहे. व्हर्जिलने दोन्ही बाजू मांडल्या. नव्या भूमीतले मूळचे रहिवासी इनियसशी लढतात, आणि त्यांचा तरुण नायक मारला जातो, त्याच मरणाशी काव्य थांबते. आपल्या राष्ट्राचे गौरवगीत लिहिताना त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगायला तो कवी विसरला नाही.

आता शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द. होमरचे काव्य टिकले ते कोणीतरी ते लिहून घेतले म्हणून, आणि पुढे अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी प्रतींवर प्रती ताडून पाहिल्या म्हणून. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारतासाठी हेच केले. १९१९ साली आरंभ झाला, १९६६ साली काम पुरे झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. एकवर्थसाहेब आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला, म्हणून अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा आज आपल्या हाती आहे. जात्यावरच्या ओव्यांसाठी हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० नंतरच्या काळात पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांपासून काम सुरू केले. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. सीतेचा वनवास त्या ओव्यांत बायका आपल्या तोंडाने सांगतात, आणि त्यात रामालाही जाब विचारायला कचरत नाहीत. होमरच्या दळणाऱ्या बाईला मोजक्याच ओळी मिळाल्या. आपल्या बायकांनी लाखभर ओव्या स्वतःच रचल्या.

पण जाते आता थांबले आहे. पिठाची गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले, आणि हे फार चांगले झाले. जाते परत आणा, असे मी कधीही म्हणणार नाही. मात्र गिरणीपाशी कोणी ओवी गात नाही. ज्यांना येते त्या आज ऐंशीच्या घरात आहेत. लाख ओव्या जमल्या, तरी आपल्या गावच्या आजीची ओवी त्यांत असेलच असे नाही.

म्हणून एवढे करा. वर्गात एखाद्या दिवशी प्रायम राजाची गोष्ट सांगा, दळणाऱ्या बाईची सांगा. मग मुलांना म्हणा, घरी जा आणि आजीला विचारा, तू पहाटे काय म्हणायचीस? आजी "मला मेलीला काय येतंय" म्हणून टाळेल. मुलाने तिथेच बसून राहावे. तिची परवानगी घेऊन ओवी लिहावी, जशी म्हटली तशी, शुद्ध करण्याच्या फंदात न पडता. कोणाकडून शिकली, माहेर कोणते, हे लिहावे. आठ दिवसांनी पुन्हा विचारावे. ओवी थोडी बदललेली निघाली तर दोन्ही लिहून ठेवाव्यात. आणि वहीच्या वर आजीचे नाव घालावे. होमरच्या त्या बाईला नाव नाही. आपल्या आजीला ते असू द्या.

पारावरच्या आबांना माझे उत्तर हेच. होमर ऐकायचा तो आपले सोडून देण्यासाठी नव्हे. तो ऐकला की घरात आजवर कानाआड गेलेले गाणे ऐकू येऊ लागते.